सायकल सुटी करायची नाही

मी, पंपांच्या कारखान्यातील तपासणी विभागाची निवृत्त नव्हे, काढून टाकलेली कामगार, वय एकाहत्तर, हे लिहिताना पूर्ण शुद्धीवर आहे. गुडघे गेले, डोके जागेवर आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. आजवर ज्यांनी तो आणून पाहिला ते दमून परत गेले. हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

१. दोन खोल्यांचे घर आणि बँकेतील शिल्लक मुलाला. त्याने आणि सुनेने मला सांभाळले, तेही माझी भाषणे ऐकत. पुस्तके मात्र रद्दीत घालायची नाहीत. ती गल्लीतल्या वाचनालयाला द्यावीत. समासात मी लेखकांशी भांडले आहे, ते कुणी खोडू नये.

२. माझा व्हर्नियर कॅलिपर नातीला. त्याने घेतलेले माप साहेब ओरडला म्हणून बदलत नाही, एवढे तिने ध्यानात ठेवावे.

३. कारखान्याच्या जुन्या मॅनेजरने हार पाठवला तर परत करावा. टाळेबंदीत आम्ही त्याला अकरा पत्रे लिहिली. आधी त्यांची उत्तरे, मग फुले.

४. आता सायकल. मुलाला एक हौशी गृहस्थ भेटले आहेत. ते म्हणतात, विजोड भाग काढून सायकल 'मूळ रूपात' आणू. मुलगाही म्हणतो, "आई, पुढचं चाक लहान, मागचं मोठं. उभी असली तरी उतारावर असल्यासारखी दिसते." दिसू दे. तिचे मूळ रूप कोणते, ते मी सांगते.

टाळेबंदी झाली तेव्हा आमच्या सायकली फाटकाच्या आत अडकल्या. चार महिन्यांनी नोटीस लागली: राजीनाम्यावर सही करा, सायकलचा नंबर लिहा, सायकल घेऊन जा. मी फाटकासमोर टेबलावर उभी राहून सांगितले, "सायकलीपायी सही करायची नाही. पायी येऊ, पण ताठ येऊ." लोकांनी ऐकले आणि सायकली भंगारात गेल्या. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने त्यातून हाती लागले ते भाग उचलले, एक सायकल जोडली आणि माझ्या दारात उभी केली. "बाई, सभांना किती चालाल?"

पुढचे चाक कँटीनवालीचे. मागचे लेथवरच्या लांब्याचे. तीन पाने रंगवलेले चेनकव्हर रंगखात्यातल्या मावशींचे. तिघांनी आपापला भाग ओळखला, परत कुणी मागितला नाही. लांब्या म्हणतो, "माझं चाक अजून बाईंच्या मागेच धावतंय." सांगाडा कुणाचा, ते कळले नव्हते.

सही करणारा एकच निघाला, माझा धाकटा भाऊ. कंपनीने त्याचा राजीनामा मुद्दाम फाटकावर डकवला. मी तो उचकटून घरी आणला, जपून ठेवला आणि बावीस वर्षे त्याच्या घरची पायरी चढले नाही.

गेल्या महिन्यात वकीलबाई म्हणाल्या, "काकू, नुसतं 'जुनी सायकल' लिहून भागत नाही. सांगाड्याचा नंबर द्या." सीटखालचा मळ रॉकेलने पुसला. नंबर निघाला ४१७०३. तो आकडा मला पाठ होता; धाकट्याच्या राजीनाम्यावर तोच आहे. जन्मभर पंपांवरचे नंबर तपासले, बुडाखालचा एक राहिला.

मी त्याच्या घरी गेले. त्याने खुर्ची पुढे केली, मी उभीच राहिले.

"सायकल तू नेलीच नाहीस?"

"नाही."

"मग सही कशाला केलीस?"

"पोरगी दवाखान्यात होती, ताई. दुसरीकडे काम मिळत होतं, पण इथून सुटल्याचा कागद मागत होते. सायकल न्यायची तर तुम्हा सगळ्यांच्या पुढून न्यावी लागली असती. पाय उचलला नाही."

"मला सांगायचं होतंस."

"तू टेबलावर होतीस. खाली कधी उतरलीस?"

हजारांच्या सभेत मला कुणी खाली बसवले नाही. तिथे मी खुर्चीवर बसले.

तरीही सही चूक होती, हे मी आज म्हणते आणि माझ्यामागेही हा कागद म्हणेल. पण ज्याला मी बावीस वर्षे फितूर म्हटले, त्याच्याच सांगाड्यावर बसून मी सभा गाठल्या. तीही चूक लिहिली पाहिजे, आणि ती माझी आहे.

म्हणून सांगते. ही सायकल माझी नाही. मी ती देत नाही, परत करते. सांगाडा धाकट्याचा, बाकी भाग वर लिहिलेल्या तिघांचे. पण ती सुटी करायची नाही, रंग एकसारखा करायचा नाही, काचेमागे ठेवायची नाही. एकाने आपला हिस्सा काढला तर चौघेही पायी. ज्याला हवी त्याने सगळी न्यावी, चालवावी आणि पुढच्याच्या दारात लावावी.

पहिली पाळी धाकट्याची. हे ऐकून लांब्या कुरकुरला, "त्याला आधी? आम्ही काय पाप केलं?" मी म्हटले, "तुझं चाक त्याला बावीस वर्षं धरून आहे. तुला काय होतंय?"

धाकट्याने सायकल माझ्या दारातून भर दुपारी न्यावी. लांब्या, कँटीनवाली आणि मावशी यांनी तिथे हजर राहावे. त्याने तिघांच्या पुढून जावे, आणि तिघांनी बाजूला होऊन वाट द्यावी.

हे मी स्वहस्ते लिहून साक्षीदारांपुढे मोठ्याने वाचले आणि त्यांच्यादेखत सही केली. आवाज शेजारी पोचला असल्यास तेही साक्षीदार समजावेत.

सही: (लिहून देणार)

साक्षीदार १: तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई, सही
साक्षीदार २: आमच्या गल्लीचे पोस्टमन, सही

स्थळ: राहते घर, पुढची खोली
तारीख: नऊ नोव्हेंबर, सकाळी अकरा