अर्धा जॉब

नेसरी,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. क्रांतीस,
अ. उ. आ.

फोन केला की ‘आक्का, जॉब लावलाय’ म्हणून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. तुमच्याकडं लेथच्या चकात धरलेलं लोखंड म्हणजे जॉब. शेजारची संयोगिता बँकेत लागली, तोही जॉब. तुकडा बिघडला तरी जॉब गेला, नोकरी सुटली तरी जॉब गेला. एका शब्दाला किती राबवता गं!

गडहिंग्लजचे पाहुणे रविवारी, २७ तारखेला, तुला बघायला इथं येतात. मुलगा विजयसिंह, मास्तर आहे. जॉब करणारी सून त्यांना चालते, लेथवरची नाही. तो जॉब नव्हे, म्हणाले. तुझ्या बायोडाटात मी ‘घरकाम’ लिहिलंय. शनिवारीच ये. नखांतलं ऑइल काढून ये.

तुझ्या या आत्याचा राग धरू नकोस. माया आहे तशी ठेव.

आक्का

कोल्हापूर, उद्यमनगर,
१८ ऑक्टोबर

ती. आक्कास,
सा. न.

येणार नाही. कोडोलीच्या गुऱ्हाळाचा शाफ्ट त्याच शनिवारी, २६ला, लावायचा आहे, सोमवारी उतरेल. अर्धा झालेला जॉब मध्येच उतरवत नाहीत. परत लावला तर डोलतो. केसभर का होईना, डोलतो.

आबांना, तुमच्या भावाला, दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांचा जॉब असाच अर्धा होता. तो मी पुरा केला. ते परत आले नाहीत. त्या दिवसापासून घर याच लेथवर चालतं. तेव्हा कोणी त्याला घरकाम म्हणालं नाही.

‘घरकाम’ खोडा. ‘टर्नर’ लिहा. नखांतलं ऑइल साबणानं निघत नाही. निघत असतं तरी काढलं नसतं.

रागवा, पण माया आटू देऊ नका.

क्रांती

नेसरी,
२२ ऑक्टोबर

चि. क्रांतीस,
अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. मी सातवीत गणितात पहिली होते. सहामाहीनंतर शाळेतनं काढलं. पुढच्या वर्षी बसवू म्हणाले. बसवलं नाही. अर्ध्यातनं उतरवलेलं कसं डोलतं, ते मला शिकवू नकोस.

‘टर्नर’ लिहिलंय, जाड अक्षरात. पाहुण्यांना फोन करून सांगितलं, मुलगी बघायची तर उद्यमनगरात या. विजयसिंहाच्या आईनं विचारलं, तिथं बसायला काय असतंय? म्हटलं, काय नसतंय. उभं राहायचं, जॉब लागलेला असतोय.

ते येतील, न येतील. मी शनिवारी भाकरी बांधून येते, शाफ्ट उतरेपर्यंत हलणार नाही.

लोभ असू दे. पाहुणे राहतील उभे, मला तेवढं एक स्टूल ठेव.

आक्का