हल्ली मुक्काम मॉरिशस

जयेंद्रगंज, लष्कर, ग्वाल्हेर
४ जानेवारी २०२६

ती. शरयूताईस,
धाकट्या लक्ष्मीकांतचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू आपल्या मनाचं ऐकतेस. तेव्हा आपलं टपालच बरं. सोबत तुझ्या भाच्याच्या, शंतनूच्या, लग्नाची पत्रिका आहे. पहिली गणपतीपुढे ठेवली, दुसरी तुला.

तू विचारलं होतंस म्हणून मुलीची माहिती सविस्तर लिहितो. नाव अंतरा भिवाजी. भिवाजी हे आडनाव नव्हे, तिच्या खापरपणजोबांचं नाव आहे. दीडशे वर्षांपूर्वी ते उसाच्या मळ्यात मजुरीला म्हणून रत्नागिरीकडून मॉरिशसला गेले, तिथल्या कारकुनानं तेच आडनाव लिहून टाकलं. शंतनू तीन वर्षं पोर्ट लुईला नोकरीत आहे, तिथेच ओळख झाली. लग्नानंतर दोघं तिथेच राहणार. लग्न मात्र इथे, फेब्रुवारीत, हे मी ठणकावून सांगितलं.

पत्रिकेचा मजकूर माझा आहे बरं का! बाड्याच्या चौकातल्या छापखानेवाल्यानं नुसतं ‘पोर्ट लुई, मॉरिशस’ असं कोरडं लिहिलं होतं. मी म्हटलं, लोकांना वाटेल मुलगी परकी आहे. मग सुधारून घेतलं: ‘मूळ रा. रत्नागिरी, ह. मु. मॉरिशस.’ आता कशी घरची वाटते! नकाशावर मोहरीएवढा देश, मादागास्करच्या पलीकडे. मुलांना शोधायला सांगितलं की वर्गाचा तास संपायचा. तिथे आपली माणसं दीडशे वर्षं मुक्काम ठोकून आहेत, याचा मला खरोखर अभिमान वाटला. तुझ्या भावजयीचं, विजयाचं, म्हणणं पडलं की मुलीकडच्यांना एकदा विचारावं. पण भूगोलाच्या मास्तरनं विचारायचं तरी काय?

लोभ आहेच, लग्नाला येऊन तो दाखव.

तुझा,
लक्ष्मीकांत

सातारा
११ जानेवारी २०२६

चि. लक्ष्मीकांत यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्रिका मिळाली. कागद सुरेख, छपाई सुरेख, आणि तुझी अक्कल मात्र गेली चुलीत! ‘हल्ली मुक्काम’ काय रे? पोरगी काय धर्मशाळेत उतरलीय?

माझ्या लग्नाची पत्रिका विसरलास? तू लहान होतास, पण बाबांचा आरडाओरडा अख्ख्या गल्लीनं ऐकला होता. माझ्या सासऱ्यांनी साताऱ्यात पत्रिका छापून घेतली आणि बाबांच्या नावापुढे घातलं, ‘मूळ रा. वाई, ह. मु. ग्वाल्हेर.’ बाबा म्हणाले होते की सात पिढ्यांची हाडं या मातीत गेली आणि हे म्हणतात मुक्काम. लष्कर म्हणजे छावणी हे खरं, पण म्हणून उद्या आम्ही तंबू गुंडाळून निघायचं का! आई रडत होती आणि मी हळद लावून आतल्या खोलीत बसले होते. ते शब्द अजून कानात आहेत, बहिरी झाले तरी.

मी इथे येऊन जन्म गेला, तरी लोक विचारतात की तुम्ही हिंदीकडच्या ना? एकदा ‘दही खट्टं झालं’ म्हणाले, तर जाऊबाई आजतागायत हसतात. आणि तुला शाळेत पोरं ‘दक्षिणी’ म्हणून चिडवायची, तेव्हा घरी येऊन माझ्या पदराला नाक पुसायचास. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. तुझं जळलं, तरी तुला कळलं नाही, याचं मला नवल वाटतं.

मॉरिशसला स्वतःचा झेंडा आहे, सरकार आहे. ती पोरगी त्या देशाची आहे. पत्रिका तिकडे पाठवली नसशील तर पाठवू नकोस. पाठवली असशील, तर देवच तुझा वाली.

बोलते ते मायेपोटीच, राग धरू नकोस.

तुझी,
ताई

जयेंद्रगंज, लष्कर, ग्वाल्हेर
१९ जानेवारी २०२६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाठवली होती. छापून आली त्याच दिवशी, फोनवरून. तुझं पत्र पोचण्याआधीच विश्वासरावांचा, म्हणजे अंतराच्या वडिलांचा, फोन आला.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूहळू, शब्द शोधत बोलले. म्हणाले की देश स्वतंत्र झाला तेव्हा ते सहा वर्षांचे होते; वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी इंग्रजांचा झेंडा उतरताना आणि आपला चार रंगांचा चढताना पाहिला. त्या दिवशी वडील त्यांना म्हणाले होते, की आता आपल्याला कोणी विचारणार नाही तुम्ही कुठले म्हणून. मी सारवासारव करायला गेलो, म्हटलं, अहो, शेवटी तुम्ही आमचेच! ताई, हे तर आणखीच वाईट झालं.

मग म्हणाले की त्यांचा देश म्हणजे एकच बेट नव्हे. रॉड्रिग्ज आहे, अगालेगा आहे, आणि चागोस आहे, ज्याच्यासाठी त्यांचा देश वर्षानुवर्षं भांडत आला. चागोसवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांबद्दल इंग्रजांनी ठरवलं की हे इथले नव्हेतच, कामापुरते आलेले. आणि त्यांना जहाजात घालून दूर नेऊन सोडलं. कितीतरी जण पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. विश्वासराव त्यांच्याच पोरांबरोबर खेळत वाढले. ते म्हणाले की माणसाला घराबाहेर काढायचं असलं, की आधी त्याच्या घराला मुक्काम म्हणतात.

त्या बेटांतलं डिएगो गार्सिया मी उभा जन्म शिकवलं. लष्करी तळ, एका मार्काचा प्रश्न. तिथे माणसं राहत होती हे मी कधी सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. मला इतकी शरम कधी वाटली नव्हती.

त्यांनी साफ सांगितलं की ही पत्रिका राहिली तर ते कन्यादानाला बसणार नाहीत. अंतरा म्हणते, वडील नसतील तर ग्वाल्हेरात लग्न नाही. शंतनू माझ्याशी बोलत नाही. आईशी बोलतो आणि मी खोलीत गेलो की फोन ठेवतो.

नव्या पत्रिका छापल्या. जुन्या परत मागायला दारोदार मी स्वतः गेलो. बिर्लानगरला आपले जुने स्नेही जयसिंहराव म्हणाले की एवढ्याशा अक्षरांत काय गलती झाली, इतकी पायपीट करतोयस? मी समजावायला लागलो आणि मधेच पाणी मागितलं. त्यांच्या सुना बघत होत्या. शेवटी पाणी पिऊन पत्रिका घेतली आणि निघालो.

विश्वासरावांना माफीचं पत्र आणि नवी पत्रिका कुरियरनं पाठवली आहे. उत्तर नाही. तू मोठी आहेस, काही सुचलं तर कळव. न सुचलं तर नुसती शिवी दे.

तुझा,
लक्ष्मीकांत

पोर्ट लुई, मॉरिशस
३ फेब्रुवारी २०२६

आदरणीय लक्ष्मीकांतराव यांस,
विश्वास भिवाजीचा नमस्कार.

आपले पत्र मिळाले. उत्तराला उशीर झाला, कारण माझे मराठी शाळेत शिकलेले आहे. घरी आम्ही क्रेओल बोलतो. चुका झाल्यास आपण गुरुजी आहात, लाल शाई वापरावी.

आम्ही येत आहोत. मी कन्यादानाला बसेन. आपण घरोघरी जाऊन पत्रिका परत घेतल्या हे मला शंतनूच्या आईंकडून समजले. आपल्या पत्रात त्याबद्दल काही नव्हते. नवी पत्रिका मी वाचली. त्यावर आमच्या देशाचे नाव आहे आणि त्याच्या मागेपुढे काही नाही. मला एवढेच हवे होते. शंतनूलाही मी बोललो आहे, की वडिलांशी असे वागू नये.

एक अडचण मात्र राहिली आहे, ती आपल्यालाच सांगता येईल. आपली पहिली पत्रिका फोनवर आली, तेव्हा अंतराने आनंदाच्या भरात, पुरती वाचण्याआधी, ती मोठ्या कागदावर काढून माझ्या आईला दिली. आई नव्वदीची आहे. देवनागरी एकेक अक्षर लावून वाचते. मॉरिशसचे नाव भारतातल्या लग्नपत्रिकेवर आले म्हणून तिने तो कागद देवाजवळ लावला आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. तिने मला ‘ह. मु.’ म्हणजे काय ते विचारले. मी सांगितले, ‘हक्काचा मुलूख.’

मी आईशी कधी खोटे बोललो नव्हतो. नवी पत्रिका आली आहे, पण तो कागद काढायला माझा हात धजत नाही. तिला प्रवास झेपत नाही, म्हणून लग्नानंतर मार्चमध्ये आपण दोघांनी इकडे यावे. ती आपल्यालाही अर्थ विचारेल, कारण आपण शिक्षक आहात. कृपा करून मी सांगितलेलाच अर्थ सांगावा.

आपला लोभ आमच्या घरावर असावा.

आपला,
विश्वास भिवाजी