याच्या वर जाता कामा नये

४ फेब्रुवारी, मंगळवार

पलंग आला! दोन हमालांनी तो सरळ माझ्या टेबलावरच्या छोट्या रेल्वेच्या खोलीत नेला — कुणाच्या परवानगीने? हिच्या! "दुसरी खोली आहे का आपल्याकडे?" नाही. झालं, विषय संपला.

सासरे परवा हॉस्पिटलमधून येणार. उजवी बाजू गेली आहे. काठी घेऊन चार पावलं चालतात, पण उजवा हात मांडीवर ठेवला तर तिथेच राहतो. मला वाईट वाटतं, वाटत नाही असं नाही. जन्मभर लोकांचे कपडे शिवले या माणसाने, माझा लग्नातला कोटही त्यांच्याच हातचा. पण वाईट वाटणं निराळं आणि माझ्या रुळांशेजारी पाण्याचा पेला ठेवणं निराळं.

निदान त्यांची डावी बाजू टेबलाकडे येऊ दे, म्हणून मी पलंग फिरवून घेतला. हिने तो परत फिरवून घेतला. व्यायामवाल्या बाईंनी बजावलंय म्हणे — गेलेल्या हाताच्या बाजूला काहीतरी घडत राहिलं पाहिजे, म्हणजे माणूस तिकडे लक्ष देतो. काहीतरी! माझ्या वीस वर्षांच्या रेल्वेला आमच्या घरात "काहीतरी" म्हणतात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आले. भिंतीकडे तोंड करून झोपले. माझ्या रेल्वेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याचाही मला राग आला!

८ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी. आज काळ्या इंजिनाला डीकोडर बसवायचं ठरवलं होतं, पलंग असो नाहीतर नसो.

डीकोडर म्हणजे नखाएवढी चकती. ती पोटात गेली की इंजिनाला स्वतःचं डोकं येतं, रुळांवर दुसरं काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं राहत नाही. (घरात मलाही एक बसवून घ्यावा.) पण आधी मोटर किती करंट ओढते ते मोजायला लागतं. त्याची रीत सोपी — इंजिन पूर्ण वेगात सोडायचं, छपरावर अंगठा दाबायचा, चाकं अडली की आकडा वाचायचा आणि लगेच सोडून द्यायचं. अडलेली मोटर सगळ्यात जास्त ओढते. डीकोडर त्याहून दणकट हवा, नाहीतर जळालाच.

मी दाबत होतो तेवढ्यात मागून आवाज आला, "का छळताय त्या बिचाऱ्याला?" सासरे या कुशीला वळले होते. दोन दिवसांतलं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य, जीभ जरा जड. मग मी समजावून सांगितलं. जितका अंगठ्याचा जोर, तितका मीटरवरचा आकडा. "हं," म्हणाले आणि परत भिंतीकडे वळले. कौतुक करायची पद्धतच नाही त्या घराण्यात.

आकडा आला ०.८ अँपिअर. इंजिनांच्या सामानाच्या दुकानातले, कायम तारांना डाख देत बसलेले सोल्डरकाका म्हणाले, "दोन अँपिअरचा डीकोडर घ्या, निर्धास्त राहा." मी एकचा घेतला. मी स्वतः मोजलंय! काकांना प्रत्येक गिऱ्हाईक येडं वाटतं.

९ फेब्रुवारी, रविवार

डीकोडर बसला. लाल-काळी तार चाकांकडून, नारिंगी-करडी मोटरकडे, मध्ये चिकटपट्टी, वर छप्पर. पहिल्याच फेरीत लोण्यासारखं चाललं! रुळांच्या वाटेत कायमचा मीटर बसवला. नवीन आहे; दिवसभरातला सगळ्यात मोठा आकडा लक्षात ठेवतो आणि बटण दाबलं की पुसतो. दुसरा प्लग मोकळा नव्हता म्हणून तो पलंगाच्या उशाशी लावावा लागला. इंजिन चालवायचा गोल खटकाही तिथेच, खिळ्याला लटकवलाय.

मोकळं इंजिन ०.२ ओढतं. उत्तम तब्येत. घरातलं दुसरं कुणी इतकं ठणठणीत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

व्यायामवाल्या बाई येऊन गेल्या. सासऱ्यांच्या उजव्या हातात रबरी चेंडू दिला. "दाबा बघू आजोबा! अजून! अजून थोडं! शा-ब्बा-स!" आणि टाळ्या. हिनेही टाळ्या वाजवल्या, शेजारच्या वहिनी दारातून डोकावल्या होत्या त्यांनीही. बोट केसभरच हललं असेल.

बाई गेल्यावर सासऱ्यांनी डाव्या हाताने तो चेंडू उचलला आणि पलंगाखाली फेकून दिला. "मी काय दोन वर्षांचा आहे?"

ही स्वयंपाकघरात जाऊन रडली. म्हणाली, "बाबांनी हाय खाल्लीय." त्यांचं शिवणाचं दुकान बंद पडून दोन महिने झाले. जागेच्या मालकाला दुसरा भाडेकरू मिळतोय आणि मेव्हणा रोज फोनवर तेच दळण दळतो — "ताई, हात परत येणार नसेल तर जागा सोडून टाकू."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसातून आल्यावर मीटर बघितला. सगळ्यात मोठा आकडा — ०.३१! इंजिन तर सकाळपासून जागचं हललेलं नाही. उभ्या इंजिनाने इतका करंट ओढायचा म्हणजे काय?

पुसून ठेवला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

०.३५.

१७ फेब्रुवारी, सोमवार

०.४४! काहीतरी गंभीर आहे. दुपारी खोलीत कुणी येतं का म्हणून विचारलं. ही म्हणाली, "मी शाळेत शिकवू की तुझ्या गाडीची राखण करू?" शेजारच्या वहिनी दोनदा डोकावून जातात, पण त्या झुरळाला घाबरतात तशा माझ्या रेल्वेला घाबरतात. सासऱ्यांना विचारलं. त्यांनी नुसता उजवा हात डाव्या हाताने उचलून दाखवला आणि सोडून दिला. पडला बदकन मांडीवर. मलाच ओशाळल्यासारखं झालं.

म्हणजे मोटरच. इंजिन उघडलं, चाकं पुसली, तेलाचा एकेक थेंब सोडला, रूळ घासले. माझ्यासमोर परत गुणी बाळासारखं ०.२!

१९ फेब्रुवारी, बुधवार

०.५३. सोल्डरकाकांना फोन केला. ते म्हणाले, करंट वाढायची तीनच कारणं — घाण, म्हातारा झालेला चुंबक, नाहीतर ओझं. "घाण तुम्ही काढलीत. आता चुंबक तरी म्हातारा झालाय, नाहीतर कुणीतरी ओझं लावतंय." ओझं कोण लावणार? घरात सगळं ओझं तर माझ्यावर!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

०.६२. हद्द झाली! ठळक अक्षरांत चिठ्ठी लिहून मीटरवर चिकटवली — "०.६२. याच्या वर जाता कामा नये!!" कुणासाठी लिहिली, माझं मलाच माहीत नाही. मोटरसाठी असावी. लिहिल्यावर बरं वाटलं.

आकडा पुसला आणि इंजिन रुळावर सरळ करून ठेवलं. सासरे या कुशीवर होते, टक लावून चिठ्ठी वाचत होते. चष्म्याशिवाय दिसतं वाटतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

०.७४. घरात चिठ्ठीलाही किंमत नाही.

मेव्हण्याचा फोन. पुढच्या रविवारी येतोय, जागा सोडायचा कागद तयार आहे. हिने विचारलं, बाबा सही कशी करणार? "अंगठा घेऊ ना. शाईचा पॅड आणतो मी." हे सासऱ्यांसमोर, फोन मोठ्या आवाजावर! ते भिंतीकडे वळले. जेवलेही नाहीत. ही म्हणाली, "आज दुकान जाईल, उद्या बाबा जातील." मी तिची पाठ थोपटली आणि भांडी घासली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जळाला! डीकोडर जळाला! दार उघडताच वास आला. छप्पर काढलं तर चकती काळी ठिक्कर आणि मीटरवर १.१. मी इतका ओरडलो की ही अर्ध्या अंघोळीतून बाहेर आली. सोल्डरकाकांना शिव्या, कारखान्याला शिव्या, मोटरला शिव्या. सासरे भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेले. इतक्या आरडाओरड्यात झोप लागते कशी माणसाला?

(जेवणानंतर.) डीकोडर काढला आणि मोटर जुन्या पद्धतीने नुसत्या तारांवर जोडून परत मोजली. अंगठा दाबला — ०.८. अगदी जीव खाऊन दाबला — ०.८३. मग भिंग घेतलं. चाकं थांबलीच नव्हती! माझ्या अंगठ्याखाली ती मजेत घसरत होती. पहिल्या दिवशीही तशीच घसरत असणार. मी जिला अडलेली मोटर समजलो, ती अडलेलीच नव्हती. दोन्ही अंगठे लावले तेव्हा कुठे ०.९७.

मग माझ्या घरात १.१ कुणी दाबलं?

छप्पर दिव्याखाली धरलं. धुरांड्याच्या मागे काळा रंग गेलाय आणि खालचं पितळ दिसतंय. एका अंगठ्यापुरतं.

मी पलंगाकडे गेलो. सासऱ्यांचा उजवा हात पांघरुणावर होता. अंगठ्याच्या पेरावर छपराच्या कडेची लाल रेघ उमटली होती.

मी तिथेच खुर्चीत बसलो. रडू आलं, लपवत कशाला? रोज दुपारी, घरात कुणी नसताना, हा माणूस पलंगाच्या काठावर बसून माझं इंजिन अडवत होता! आणि मी मोटरला तेल पाजत होतो. डीकोडर जळल्याचा इतका आनंद आजवर कुठल्या शहाण्याला झाला नसेल.

हिला सांगायला उठलो आणि परत बसलो. सांगितलं की ही टाळ्या वाजवणार. नकोच. त्यांचा हात आहे, त्यांनाच सांगू दे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सोल्डरकाकांकडून दोन अँपिअरचा डीकोडर आणला. "मी म्हटलं होतं ना?" हे त्यांनी तीनदा ऐकवलं. ऐकून घेतलं. बसवला, आकडा पुसला, इंजिन रुळावर ठेवलं. सासऱ्यांना ऐकू जाईल असं भिंतीला म्हणालो, "हा आता कशानेही जळणार नाही."



२७ फेब्रुवारी, गुरुवार

१.१४!

२ मार्च, रविवार

मेव्हणा सकाळीच आला. कागद, पॅड, शाई पुसायला फडकंही — माणूस तयारीचा. "बाबा, उगाच मनाला लावून घेऊ नका. इथे फक्त अंगठा टेकवा." त्याने त्यांचा उजवा हात धरायला हात पुढे केला. सासऱ्यांनी आपला हात मागे घेतला. स्वतःचा स्वतः. पण ते पाहायला मेव्हण्याला वेळ कुठे होता!

"कात्री आण," हिला म्हणाले.

हिने स्वयंपाकघरातली आणली. "ही नव्हे. माझी." त्यांच्या पिशवीच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेली होती. कापड बेतायची, लांब, लोखंडी. मला एका हाताने जड वाटते.

त्यांनी उजवा अंगठा कडीत घातला. दोन बोटं दुसऱ्या कडीत डाव्या हाताने बसवली. मग कागद घेतला आणि मधोमध कापायला लागले. निम्म्यावर हात थांबला. कपाळावर घाम आला त्यांच्या. मग पाती परत मिटली आणि खालपर्यंत गेली. रेघ मारून कापावा तसा सरळ.

हिचे दोन्ही हात वर गेले. मी तिचं मनगट पकडलं. घट्ट! तिने माझ्याकडे पाहिलं आणि का कोण जाणे, तिला कळलं. हात खाली घेतले आणि पदराने नुसते डोळे पुसले.

"बाबा, हे काय केलंत?" मेव्हणा.

"मापात नव्हता," सासरे म्हणाले.

९ मार्च, रविवार

सासरे आज घरी गेले. दुकान सोमवारपासून, सध्या फक्त दुपारचं. पलंगही गेला. खोली परत माझी — कधी नव्हे इतकी मोठी वाटतेय.

निघताना त्यांनी हिला पुढे पाठवलं आणि माझा हात धरला. उजव्या हाताने. अजून दुखतोय.

म्हणाले, "जावईबापू, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तुम्ही वाजवल्या नाहीत. पहिल्या दिवशी सगळी रीत समजावून सांगितलीत. मीटर माझ्या उशाशी लावलात. रोज संध्याकाळी दिवसभराचा आकडा पुसून परत शून्यावर आणून ठेवलात, अवाक्षर न बोलता. आणि ती चिठ्ठी! वाचली आणि असा संताप आला म्हणता — कोण हा मला सांगणार, वर जाता कामा नये म्हणून! तेव्हाच कळलं मला, तुम्ही मुद्दाम डिवचताय. खरं ना?"

मी म्हणालो, "हो."