गोठ्याच्या दगडांचे खुराडे

मी, तानुबाई बेवा कडूबा अढाव, वय सत्तरीच्या आसपास, धंदा कोंबड्या पाळणे, राहणार मौजे बोरखेडी, संग्रामपूरनजीक, जिल्हा बुलढाणा, आज पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्या धाकाशिवाय व भिडेशिवाय हे मृत्युपत्र इंद्रभान गुरुजींकडून लिहवून घेते. धाक घालणारे आहेत, पण त्यांना मी भीक घालत नाही, हेही गुरुजींनी लिहावे.

१. नवऱ्यामागे राहते घर व परसाची जागा माझ्या नावावर आहे. एकुलता एक मुलगा पुंजाजी तापाने गेला. त्याची बायको शालूबाई माहेरी न जाता माझ्याजवळ राहिली. घर, परस, त्यातले खुराडे आणि त्या वेळी असतील तितक्या कोंबड्या मी शालूबाईला देते. माझ्या मोठ्या दिराचा मुलगा शेषराव हे सर्व आपलेच धरून चालला आहे. त्याने तसे धरू नये.

२. खुराड्याचा खुलासा करणे भाग आहे, कारण भांडण तिथूनच लागले. डोंगर आमच्या कुंपणाला लागून आहे. दिवसा घार पिलांवर झडप घालते, मुंगूस अंडी फोडते आणि अंधार पडला की रानमांजर येते. पूर्वी खुराडे कुडाचे होते. रानमांजराने कूड उचकटून माझी खुडूक कोंबडी अंड्यांवरून ओढून नेली. तेव्हा शेषरावाने एका मेलेल्या कोंबडीत कपाशीवर मारायचे एंड्रीन भरले आणि ती कुंपणाशी टाकली. मी नको म्हटले होते. रानमांजर तिकडे फिरकले नाही. माझा कुत्रा खंड्या मेला. पुंजाजीने तो पिलू असताना सदऱ्यात घालून घरी आणला होता. शेषराव म्हणाला, "कुत्रंच त होतं काकू, दुसरं आनून देतो." त्याने आणलेले मी घेतले नाही. याचा राग मला आहे व मेल्यावरही राहील.

३. त्यानंतर मी गोठा पाडला. बैल विकल्यापासून त्यात शेषरावाच्या कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पडून असत. त्या बाहेर फेकल्या आणि गोठ्याच्या दगडांचे खुराडे मी आणि शालूने आमच्या हातांनी रचले. खाली सपाट दगड बसवले, म्हणजे मुंगसाला उकरता येत नाही. वर बोरीच्या काट्या टाकल्या, दाराला अडसर केला. परसात एरंड लावले. घार दिसली की पिले त्याखाली पळतात. शेषराव पारावर सांगत सुटला, "काकूचं डोकं फिरलं. बैलाचा गोठा पाडून कोंबड्याईले बंगला बांधला." बांधला. तेव्हापासून एकही कोंबडी जनावराच्या तोंडी गेलेली नाही. हे वाक्य मृत्युपत्रात बसत नाही, असे गुरुजी म्हणतात. त्यांनी बसवावे.

४. माझ्यामागे परसात विष ठेवू नये, सापळा लावू नये. रानमांजरालाही पोट आहे, त्याने उंदीर धरावेत. माझ्या इस्टेटीत त्याला वाटा नाही, इतकेच. कोंबड्या दिवेलागणीआधी कोंडाव्यात आणि अडसर स्वतः ओढून पाहावा. दुसऱ्याने लावला असे सांगितले तरी विश्वास ठेवू नये.

५. शेषरावाचे म्हणणे असे की शालू तरुण आहे, उद्या पाट लावील आणि अढावांचे घर परक्याच्या ताब्यात जाईल. तरी मी लिहून देते की शालूने पाट लावला तरी घर व परस तिचेच. मी स्वतः तिला म्हटले, "लाव वं माय पाट. म्या काय तुले बांधून ठेवलं?" ती म्हणाली, "आधी त्याले कोंबड्या कोंडता येतात का, ते त पाहू द्या." मुलगा गेला तेव्हा मी अंथरूण धरले होते, या पोरीने, तिचे स्वतःचे कुंकू पुसलेले असताना, मला उठवून जेवू घातले. ती मला मुलाहून कमी नाही. तिला घराबाहेर काढणारा कायदा मी मानणार नाही. नवा कायदाही तिला काढत नाही, असे गुरुजी सांगतात. बरे झाले.

६. नवऱ्याचा वखर, तिफण व जू शेषरावाला देते. तो राबणारा माणूस आहे, हे मी नाकारत नाही. त्याच्या पऱ्हाट्या अजून कुंपणाबाहेर आहेत, त्या त्याने न्याव्यात.

७. हे कलम वरचा मजकूर वाचून दाखवल्यावर घातले आहे. मी मेल्यावर शेषराव म्हणेल की म्हातारी भ्रमिष्ट होती आणि शालूला बाहेर काढील. म्हणून साक्षीला त्यालाच बोलावले. पाट लावण्याचे कलम ऐकून तो उठून अंगणापर्यंत गेला, मग परत येऊन बसला. त्याने माझ्या तोंडावर मला वेडी म्हणावे, नाही तर सही करावी. तिसरी वाट मी ठेवलेली नाही.

हे लिहिणे मी ऐकले, मला समजले, आणि यात फिरवाफिरव करणार नाही.

मौजे बोरखेडी, ता. ९ फेब्रुवारी १९६८

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, तानुबाई बेवा कडूबा अढाव

लिहिणार: इंद्रभान गुरुजी

साक्षीदार:

१. दयाराम उमाळे, शेजारी. सही.

२. शेषराव उकंडराव अढाव. सही. समदं आयकलं. मले पटलं नाही. पन काकू पुरी शुद्धीवर हाय, हे माह्या हातानं लिहून देतो.