साबणाच्या कागदाची फुलं

ठकीच्या आईस,

मी बरा आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

ठकीच्या लग्नाच्या फुलांच्या माळा मीच करतोय. साबण कारखान्यातला उरलेला गुलाबी कागद मुकादमाला विचारूनच आणला. फुलांना वासही येतो. पाहुण्यांना द्यायच्या खडीसाखरेच्या पुड्याही त्याच कागदाच्या.

तुझा भाऊ फोनवर हसला, "दाजी, लग्न आहे की न्हाणीघर?" त्याला सांग, सजावटवाला आणलास तर दारातूनच परत पाठवीन. लेक माझी आहे, मांडव मीच सजवणार.

पाऊस येणार नाही ना? कागद भिजेल.

जगाला हसू दे. पण ठकीलाच लाज वाटत असेल, तर तिनं एक शब्द बोलावा, सगळं उतरवीन. तू मात्र आपणहून तिला विचारू नकोस.

तुझाच,
ठकीचा बाप