तिसऱ्या दिवसाची हजेरी

१३ जानेवारी २०२५

म्हशाच्या जत्रेहून आत्ताच आले. पाय मोडून आलेत. हर्षालीने दोन घोंगड्या घेतल्या, मी नुसतीच फिरले. मजा आली पण!

आज खरं तर खिंडीतल्या वाडीवर मी देत असलेल्या वणवा विझवायच्या प्रशिक्षणाचा तिसरा दिवस. डोंगर-उतारावरचा सराव. पण हर्षाली कल्याणहून मुद्दाम आलेली. सख्खी बहीण, वर्षातून एकदा भेटते. काल वाडीवर सगळ्यांना म्हटलं, "उद्या पुनव आहे, जत्रेला जायचंय ना?" बाराही जण हसले. आजच्या तारखेच्या सह्या-अंगठे कालच घेऊन ठेवले.

सराव फेब्रुवारीत घेऊ. नक्की.

२४ फेब्रुवारी

सराव राहिलाच. पुढच्या आठवड्यात.

१० मार्च

काल दुपारी वाडीजवळच्या उंबरमाळीच्या वरच्या डोंगराला वणवा लागला. वाडीची माणसं धावली — आपल्या योजनेचे पिवळे डगले घालून. ओल्या फांद्यांनी झोडपत होती. वारा फिरला. माझ्या बारा जणांतला पंढरी घाबरून चढावर पळाला.

आग चढावर माणसापेक्षा जोरात पळते. वर जायचं नाही, जळून काळ्या पडलेल्या जागेत शिरायचं — तिसऱ्या दिवशी हेच तर शिकवायचं होतं. एवढंच!

त्याचे दोन्ही हात आणि पाठ भाजली. ठाण्याला हलवलंय.

११ मार्च

ऑफिसात साहेब म्हणाले, "बरं झालं दर्शना, माणूस प्रशिक्षित होता. आपला कागद पक्का आहे."

मी मान डोलावली.

१९ मार्च

हॉस्पिटलात जाऊन आले. पंढरी पालथा. बोटं एकमेकांना चिकटलीत. हाच माणूस बांबूच्या इतक्या बारीक पात्या काढायचा की त्याच्या टोपल्या शहापूरच्या बाजारात हातोहात जायच्या.

मला बघून म्हणतो, "म्याडम, डगला जळला तुमचा. रागावू नका."

बाहेर जिन्यात बसून राहिले. कोणीतरी बाई म्हणाली, "तुमचं कोण आहे आत?"

२ एप्रिल

रुचिता आल्या होत्या. सरकारी अनुदानावर त्यांचं संशोधन चाललंय — आम्ही वेगवेगळ्या प्रशिक्षकांनी नऊ वाड्यांत प्रशिक्षण दिलं, त्याने माणसं वाचतात का? हुशार आहेत, हळू बोलतात. तक्ता दाखवला. यंदा तीन वाड्यांत एकेक माणूस भाजला. तिघंही तिन्ही दिवस हजर. तिघंही चढावर पळाले.

"म्हणजे सरावाचा उपयोग होत नाही असंच दिसतं," म्हणाल्या. "तिसरा दिवस बंद करावा अशी शिफारस जाईल. सगळ्या जिल्ह्यासाठी."

मी चहा ओतत होते. "हो का," म्हटलं. एवढंच म्हटलं मी!

६ एप्रिल

आज सावळीला, पंढरीच्या बायकोला, सांगायचं ठरवून वाडीवर गेले. ती मोहाची फुलं वाळत घालत होती. मी बसले. बोलायला सुरुवात केली — तिसऱ्या दिवशी प्रशिक्षण झालं नाही, सह्या खोट्या —

तिने वर पाहिलंसुद्धा नाही. "त्या दिवशी तं तो माझ्यासंगं जत्रेत होता. मला ठाव नाय काय?"

"मग बोलली का नाहीस, गो?"

"बोलली असती तं तुमी रागावल्या असत्या. परत आल्या नसत्या. मंग बाकीच्यांना कोण शिकवील?"

सगळ्या वाडीला ठाऊक होतं. मला काही होऊ नये म्हणून गप्प होती ती माणसं. आणि मी? मी स्वतःसाठी गप्प होते.

निघताना फुलं पसरू लागले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तुमच्यानं नाय होयाचं." रागाने नव्हे. तेच जास्त लागलं.

७ एप्रिल

पत्र लिहिलं. चारदा फाडलं. "काही कारणास्तव" असं लिहिलं होतं — खोडलं. जत्रेला गेले होते असंच लिहिलं.

एक प्रत साहेबांना, एक रुचितांना.

११ एप्रिल

कामावरून कमी केलं. साहेब माझ्याकडे बघत नव्हते. "कोणी विचारलं होतं का तुला?" एवढंच बोलले.

हर्षालीचा फोन — खूप ओरडली. "कोणाला कळणार होतं गं?" मग रडायला लागली. म्हणे, "माझ्यामुळे झालं." नाही गं. तू फक्त आली होतीस. हजेरी मी भरली.

पंढरी घरी आलाय. सावळी त्याला घास भरवते. अजून त्याच्यासमोर गेले नाही.

१५ एप्रिल

गेले. सांगितलं. त्याने हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तवा काळ्यात शिरायचं होतं व्हय?"

माफ केलं असं नाही. मी तासभर बसले आणि उठून आले.

२४ एप्रिल

रुचितांचा फोन. माझं पत्र मिळाल्यावर त्या बाकीच्या आठ वाड्यांत स्वतः गेल्या, हजेरीपट बाजूला ठेवून माणसांना घरोघर विचारलं.

तिसरा दिवस कुठेच झाला नव्हता. एकाही वाडीत नाही! "जो सराव झालाच नाही, तो निरुपयोगी कसा म्हणू?" म्हणाल्या.