डब्यात उरलेलं तेल

मंगळवार, १२ मार्च
दुपारची जेवणं झाल्यावर

चि. ठमे,

तुला आजीचे पोटभर आशीर्वाद. मी बरी आहे, तुम्ही सगळे बरे असाल. पत्राचं कारण सांगतेच, पण आधी खुशाली. कारण कुठे पळून जात नाही.

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीत शाळा सुटली आणि हातात कात्री आली ती आलीच. जिथे लागणार नाही तिथे अंदाजाने वाच. फोन करणार होते, दोनदा उचललाही. पण फोनवर तू "हं" म्हणतेस, मी "हं" म्हणते, मग तुझा बाप फोन ओढून घेतो आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. गुडघे चांगले आहेत. गुडघ्यांना काही झालेलं नाही.

शेजारच्या मास्तरीणबाईंची मांजर आपल्या जीपच्या मागच्या सीटवर व्याली. मास्तरीणबाई म्हणाल्या, "हुसकून लावा हो." मी म्हटलं, "राहू दे, बाळंतीण आहे, आणि गाडी काय नुसती उभीच आहे." बोलून गेले आणि जीभ चावली.

तू गेल्यापासून पडवी खायला उठते. केवढी ठोकाठोक होती तिथे! लोक म्हणायचे, म्हातारीकडे नात नाही, लोहार राहतो. मी म्हणायचे, राहतो आणि जेवतोही लोहारासारखाच. मला काय मजा आली गं त्या दिवसांत! जीपचं जुनं पेट्रोलचं इंजिन साखळीला लटकून वर आलं तेव्हा तू ओरडलीस, "आजी, लांब हो!" मी लांब झाले आणि टाळ्या पिटल्या. तुझ्या आजोबांनी त्याला जन्मभर पेट्रोल पाजलं आणि त्याने प्रत्येक चढावर जन्मभर दम टाकला. गेलं ते बरंच झालं.

मग तू ते मोडीतल्या टेम्पोचं डिझेल इंजिन आणलंस. ते मेलं बसेचना. जीपमधल्या इंजिन टेकायच्या बैठका एकीकडे, याचे पाय दुसरीकडे. तू थेट लोखंड कापायला निघालीस आणि मी म्हटलं, "थांब गं बाई, आधी कागद, मग कापड." दोघींनी जमिनीवर बसून पुठ्ठ्यावर माप बेतलं. माझा खडू, माझी कात्री. (तिची धार गेली ती गेलीच.) वेल्डिंगवाल्याने त्या पुठ्ठ्यावरून पट्ट्या कापल्या, आणि इंजिन असं बसलं, जशी मापाची बाही खांद्यावर बसावी. तो म्हणाला, "हे बेतलं कुणी?" तू म्हणालीस, "आमच्या घरच्या टेलरने." मी त्या दिवशी हवेत होते. भाजीवाल्यालासुद्धा सांगितलं.

तिथेच मी चढून गेले बहुतेक. वाटलं, आपल्यालाही यातलं कळतं.

असो. दुकानात जायला लागलीस ना? तुझा बाप खूश असेल. त्याने आधीच सांगितलं होतं, "गाडी चालली तर तुझं गॅरेज टाक, मी आड येणार नाही. नाही चालली तर माझ्या दुकानात बसून फरशा वीक." जाताना तू मला म्हणालीस, "आजी, बाबांचंच खरं. माझ्या हातात नाही गं हे." मी तेव्हा पडवी पुसत होते. खाली बघून पुसत राहिले. डाग नव्हता तिथेही पुसलं.

त्या दिवसाचं लिहायला हवं, नाहीतर मी मांजरीवरच चार पानं भरीन.

तू किल्ली फिरवलीस तेव्हा ते आधी कसं गुणी बाळासारखं चाललं. मी ट्रॅक्टरवाल्या काकांना म्हटलंसुद्धा, "बघा, आमच्या पोरीचं!" आणि मग पांढरा-निळा धूर. आवाज चढायला लागला. तू किल्ली बंद केलीस, काढून हातात घेतलीस, तरी ते आपलं बोंबलतंच आहे, वर वर, जणू आता छप्पर घेऊन जाणार. काका आधी मागे सरले. मोठा गडी, पण सरला. तू मात्र माझा कापड बेतायचा पाट उचललास आणि हवा आत जाते त्या नळीच्या तोंडावर दाबून धरलास. आणि सोडलाच नाहीस. मग ते गुदमरलं आणि गप्प झालं. इतकं डोकं कुणाचं चालतं गं अशा वेळी?

मग काकांनी ती पट्टी बाहेर काढली, तेल कुठवर आहे ते दाखवते ती. तेल खुणेच्या केवढं तरी वर. काका म्हणाले, "पोरी, इतकं तेल? जास्तीचं तेल हवेच्या नळीत गेलं आणि इंजिन तेच पिऊन उधळलं. मग किल्ली काढून काय होतंय?"

तू म्हणालीस, "मी मोजून ओतलं होतं, काका." मग तुझं लक्ष रिकाम्या डब्याकडे गेलं. तुझा चेहरा उतरला. म्हणालीस, "नाही. सगळंच ओतलेलं दिसतंय. माझंच चुकलं."

ठमे, तू मोजूनच ओतलं होतंस. उरलेलं मी ओतलं.

तू नळीची क्लिप आणायला गेली होतीस. मला डब्यात तेल दिसलं. मनात म्हटलं, एवढं धूड, आणि पोर हात आखडून तेल घालते! मी माझ्या शिलाई मशीनला कधी तहानलेलं ठेवलं नाही. तिथे तेल जास्त झालं तर काय, चिंधीवर चार टाके मारायचे, डाग चिंधीला. मला वाटलं, सगळी यंत्रं एकाच आईची लेकरं. कुठलं झाकण उघडून तू ओतलंस ते मी पाहिलं होतं. बरणीचं उघडावं तसं उघडलं, ओतलं, घट्ट लावलं आणि डबा पुसून ठेवला. आपलाही हात लागला म्हणून खुशीत होते. तुला सांगणार होते, गाडी फिरून आली की गंमत म्हणून.

काका पट्टी दाखवत होते तेव्हाच मला कळलं. मी दारात उभी होते. "मी ओतलं" एवढे दोनच शब्द. पण टेलर म्हणून मिरवले होते ना सगळ्यांपुढे, तोंडच उघडेना. तू स्वतःला दोष देत होतीस आणि मी तुला विचारलं, "चहा टाकू का?" हेच मला टोचतं. तेल चुकून ओतलं, त्याचं मी काही करू शकत नाही. गप्प बसले ते चुकून नाही.

परवा काकांना घरी बोलावून सांगितलं. आधी ते पोट धरून हसले. "आजी, इंजिनाला न्हाऊच घातलंत की!" मग हसू आवरलं. म्हणाले, "ती रडत गेली हो इथून. मला काय सांगता? तिला सांगा." त्यांनी सगळं तेल काढलं, नळ्या साफ केल्या, हाताने इंजिन फिरवून पाहिलं. मोकळं फिरतंय. तू झटकन पाट लावलास म्हणून वाचलं, असं ते म्हणाले. नवं तेल भरू का विचारत होते. मी म्हटलं, जिचं इंजिन आहे ती भरील, तुम्ही हात लावायचा नाही. मी तर नाहीच नाही.

तुझ्या बापाला अजून सांगितलेलं नाही. तुझ्याआधी त्याला कळणं बरोबर नव्हे. हे पत्र त्याच्यापुढे ठेव. म्हणावं, पैजेत खोट होती, आणि ती त्याच्या आईची होती. हसला तर हसू दे.

माझ्यावर रागाव. महिनाभर बोलू नकोस, चालेल. मला बरं वाटावं म्हणून परत येऊ नकोस. पण हातात नाही असं पुन्हा म्हणू नकोस. तुझे हात एकदाही चुकले नव्हते.

तुला एकटीला चूक अंगावर घेऊ देणारी,
तुझी आजी